टीव्हीचं बटण कुणाच्या हाती?

11 जून 2013. अथेन्समध्ये रात्रीचे अकरा वाजून गेले होते. ग्रीसची सार्वजनिक प्रसारण संस्था 'एर्त' हिच्या स्टुडिओत दिवे चालू होते, माणसं बोलत होती, कॅमेरे फिरत होते. पण डोंगरांवरचे ट्रान्समीटर एकेक करून बंद केले गेले आणि देशभरातल्या घरांत पडदा काळा झाला. त्याच दिवशी संध्याकाळी सरकारचे प्रवक्ते सिमोस केदिकोग्लू यांनी टीव्हीवरूनच जाहीर केलं होतं की ही संस्था उधळपट्टीचं आगर झाली आहे आणि आज रात्रीपासून ती बंद होत आहे. संसदेत चर्चा नाही, मतदान नाही. आपल्याकडच्या अध्यादेशासारखा एक हुकूम निघाला आणि त्याखाली मंत्र्यांच्या सह्या झाल्या. सरकारातल्या दोन मित्रपक्षांचाही विरोध होता, तरी निर्णय झाला. सुमारे 2,650 माणसांची नोकरी त्या रात्री गेली.

बंद झाल्यानंतरच्या दिवसांतली एक चित्रफीत मी पुष्कळदा पाहिली आहे. एर्तचा स्वतःचा वाद्यवृंद आणि गायकवृंद मुख्यालयात जमला आहे, सगळे वाजवताहेत, गाताहेत, आणि कित्येकांच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय. वाद्य हातातून सोडता येत नाही म्हणून ते पुसताही येत नाही. एका युरोपीय लोकशाहीत एका सहीनं राष्ट्रीय प्रसारण थांबू शकतं, हे मला त्या चेहऱ्यांकडे पाहून पहिल्यांदा नीट कळलं.

तेव्हापासून ग्रीक भाषेतल्या टीव्हीचा इतिहास मी जमेल तसा वाचत आलो. वाचता वाचता माझं मत पक्कं झालं आहे. सरकारी वाहिनी बरी की खासगी, हा वाद तिथे पन्नास वर्षं चालला, पण तो वाद मुळात चुकीच्या जागी होता. वाहिनी कुणाच्याही मालकीची असो, ती बंद करण्याचं बटण त्या त्या वेळच्या सत्तेच्या हाती राहिलं, आणि ते तिच्या हातून काढून घेण्याचं धैर्य कुठल्याच पक्षानं दाखवलं नाही. तीच खरी दुखरी जागा आहे.

सुरुवात ग्रीसमध्ये झालीच नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. ग्रीक भाषेतला नियमित टीव्ही आधी आला सायप्रसमध्ये, 1 ऑक्टोबर 1957 ला, आणि तोही इंग्रज वसाहतीच्या अमलाखाली. बेटावर ब्रिटिशांविरुद्धचा सशस्त्र लढा तेव्हा अजून संपलेला नव्हता. 1 एप्रिल 1955 च्या ज्या रात्री तो लढा सुरू झाला, त्याच रात्री निकोसियाच्या नभोवाणी केंद्रावर स्फोट घडवले गेले होते. प्रसारण केंद्र म्हणजे राज्यकर्त्याचं तोंड, हे लढणाऱ्यांनी पहिल्याच रात्री ओळखलेलं होतं. अशा वातावरणात सरकारनं टीव्ही आणला, तो लोकांची करमणूक व्हावी एवढ्याचसाठी आणला असेल असं मला वाटत नाही.

1960 मध्ये सायप्रस स्वतंत्र झाला. 'रिक' या नव्या संस्थेनं ग्रीक, तुर्की आणि इंग्रजी अशा तीन भाषांत प्रसारण करायचं होतं. कल्पना सुंदर होती. तीन वर्षांत ती फाटली. डिसेंबर 1963 मध्ये ग्रीक आणि तुर्की या दोन्ही समाजांत दंगे उसळले आणि 25 डिसेंबरला तुर्की सायप्रियटांनी 'बायराक' नावाचं स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू केलं. एका छोट्या बेटावर आता दोन सत्यं ऐकू येऊ लागली. (रिकवर तुर्की आणि इंग्रजी बातम्या आजही लागतात, ही त्या पहिल्या स्वप्नाची उरलेली खूण आहे. मला तिचं फार मोल वाटतं.)

मग 15 जुलै 1974 चा दिवस उजाडला. अथेन्सच्या लष्करी राजवटीच्या पाठिंब्यानं निकोसियात बंड झालं. बंडवाल्यांनी रिकचं केंद्र ताब्यात घेतलं आणि तिथून पुन्हा पुन्हा सांगायला सुरुवात केली की राष्ट्राध्यक्ष मकारिओस मारले गेले. मकारिओस जिवंत होते. राजवाड्यातून निसटून ते बेटाच्या पश्चिम टोकाला, पाफोसला पोचले आणि तिथल्या एका लहानशा केंद्रावरून बोलले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता की, हा आवाज तुमच्या ओळखीचा आहे, मी मकारिओस बोलतो आहे, मी मेलेलो नाही. मोठ्या केंद्राचं खोटं त्या छोट्या केंद्रानं काही तासांत उघडं पाडलं. पाच दिवसांनी तुर्की फौजा बेटावर उतरल्या आणि बेट दुभंगलं. पण प्रसारणाबद्दल बोलताना मला नेहमी तो पाफोसचा आवाज आठवतो. त्या दिवशी सायप्रसमध्ये एकच केंद्र असतं, तर बेटभर लोकांनी आपला राष्ट्राध्यक्ष मेला असंच धरलं असतं.

आता ग्रीसकडे येऊ. सप्टेंबर 1960 मध्ये थेसालोनिकीच्या आंतरराष्ट्रीय जत्रेत सरकारी वीज कंपनीनं टीव्हीचा प्रयोग करून दाखवला होता. जत्रेतल्या लोकांनी तो गर्दी करून पाहिला. पण नियमित प्रक्षेपण सुरू व्हायला 23 फेब्रुवारी 1966 उजाडला. अथेन्समध्ये दूरध्वनी खात्याच्या इमारतीतल्या लहान स्टुडिओतून एलेनी किप्रेऊ या निवेदिकेनं प्रेक्षकांना पहिला नमस्कार केला. पण त्याच सुमारास दुसरी एक वाहिनीही सुरू झाली आणि ती चालवत होतं लष्कर. युद्धातल्या बातम्या किंवा जवानांचं प्रशिक्षण एवढ्यावर ती थांबली नाही. मालिका, जाहिराती, गाणी, फुटबॉल, सगळं काही तिच्यावर असायचं. टीव्हीच्या पहिल्या दिवसापासून निम्मा पडदा फौजेच्या ताब्यात, अशी स्थिती होती.

चौदा महिन्यांनी, 21 एप्रिल 1967 ला, लष्करातल्या कर्नलांनी सत्ता बळकावली. ग्रीसमध्ये टीव्ही घराघरांत पोचला तो नेमका याच सात वर्षांत, म्हणजे देशाला पडद्याची सवय लागली ती हुकूमशाहीत. पडद्यावर शहामृगासारखे ताठ निवेदक, घोटून घोटून गुळगुळीत केलेली कृत्रिम दरबारी ग्रीक, स्टेडियममध्ये भरवलेले 'ग्रीकांच्या युद्धपराक्रमाचे' सोहळे, आणि मध्येमध्ये राजवटीच्या प्रमुखांची लांबलचक भाषणं. लष्करी वाहिनीवर 1971 पासून एक हेरगिरीची मालिका लागायची. ती सुरू झाली की अथेन्सचे रस्ते ओस पडत. लोकांना ती मनापासून आवडायची आणि त्यात लोकांचा काही दोष नाही. पण राज्यकर्त्यांना यातून जे कळलं ते पुढे कुणीच विसरलं नाही. मालिका संपल्यावर उठून न गेलेला प्रेक्षक पुढचं बातमीपत्रही बघतो, हे त्यांना कळलं.

राजवट कोसळली, लोकशाही आली, आणि इथे एक मोठी संधी होती. बीबीसीचे माजी महासंचालक ह्यू ग्रीन यांना सल्ल्यासाठी बोलावलं गेलं. प्रसारण सरकारच्या हातापासून लांब ठेवा, अशीच त्यांच्या सल्ल्याची दिशा होती. 1975 मध्ये कायदा झाला, एर्त जन्माला आली, पण सरकारचा हात काही निघाला नाही. लष्करी वाहिनी तर 1982 पर्यंत तशीच चालू राहिली. लोकशाहीची आठ वर्षं लोटली तरी एका वाहिनीची मालकी फौजेकडे! नव्या राज्यघटनेतही नभोवाणी आणि टीव्ही 'राज्याच्या थेट नियंत्रणाखाली' असतील असं कलम 15 मध्ये लिहिलं गेलं आणि छापील वृत्तपत्रांना जे संरक्षण दिलं ते टीव्हीला नाकारलं. हुकूमशाहीच्या जखमा ओल्या असताना, त्याच देशाच्या घटनाकारांनी हे लिहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर उजवे आले, समाजवादी आले, पुन्हा उजवे आले. प्रत्येकानं विरोधात असताना एर्तच्या स्वातंत्र्याचा घोष केला आणि सत्तेत आल्यावर वरच्या खुर्च्यांवर आपली माणसं बसवली.

ही मक्तेदारी फोडण्याचा पहिला मान नगरपालिकांना जातो, आणि हा भाग मला सगळ्यात जिवंत वाटतो. 1987 मध्ये अथेन्सच्या महापालिकेनं महापौर मिल्तियादिस एव्हर्ट यांच्या पुढाकारानं स्वतःचं रेडिओ केंद्र काढलं. पुढच्या वर्षी थेसालोनिकीचे महापौर सोतिरिस कुव्हेलास यांनी टीव्ही केंद्रच काढलं. एर्तनं त्यांच्यावर खटला भरला. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि 18 जून 1991 ला निकाल लागला. न्यायालय म्हणालं, मक्तेदारी असणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही, पण अशा मक्तेदारीला विचारस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काच्या कसोटीवर उतरावं लागेल. युरोपात कायदा शिकणारी मुलं आजही हा खटला अभ्यासतात. एका बंदरगावच्या महापौरानं अँटेना उभारला आणि त्यातून सगळ्या युरोपाच्या कायद्यात एक धडा वाढला.

निकाल लागेपर्यंत ग्रीसमध्ये पूर फुटला होता. 1989 च्या कायद्यानं खासगी वाहिन्यांना दार उघडलं. 20 नोव्हेंबर 1989 ला 'मेगा' सुरू झाली, वर्षाच्या शेवटच्या दिवशी 'अँटेना' आली, मग 'स्काय', 'स्टार' आणि कितीतरी. रंग, वेग, हशा, राजकारण्यांना आडवे प्रश्न, हे सगळं प्रेक्षकाला पहिल्यांदा मिळालं. हे नाकारण्यात अर्थ नाही. वीस वर्षं ताठ निवेदकांकडे पाहिलेल्या माणसाला तो मोकळा वारा वाटला, तर तो वाराच होता.

पण परवान्यांचं काय झालं ते पाहा. या वाहिन्यांना पक्के परवाने मिळालेच नाहीत. 'तात्पुरत्या' मुदतीवर त्या चालत राहिल्या. मुदत संपली की वाढवायची, पुन्हा संपली की पुन्हा वाढवायची, असं 2018 पर्यंत, म्हणजे जवळपास तीस वर्षं. भाडेकरूला दर अकरा महिन्यांनी करार करायला लावणारा घरमालक आणि त्याच्यासमोर आवाज न चढवणारा भाडेकरू, हे चित्र आपल्याला नवं नाही. वाहिन्यांचे मालक होते वृत्तपत्रांचे धनी, जहाजमालक, आणि सरकारी रस्ते-पूल बांधणारे कंत्राटदार. त्यांना सरकारकडून परवाना हवा, कंत्राट हवं, बँकेचं कर्ज हवं. सरकारला रात्री आठच्या बातम्यांत सांभाळून घेणारं कुणीतरी हवं. ग्रीकांनी याला एक शब्दच घडवला: 'दिआप्लोकी', म्हणजे एकमेकांत गुंतलेलं जाळं. मराठीत आपण साटंलोटं म्हणू, पण त्या शब्दात गाठींचा जो भास आहे तो आपल्या शब्दात नाही.

हे जाळं तोडायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. 2001 च्या घटनादुरुस्तीनंतर माध्यमाच्या मोठ्या भागधारकाला सरकारी कंत्राट घेता येणार नाही असा नियम आला. युरोपीय न्यायालयानं 2008 मध्ये तो सरसकट बंदी म्हणून अवाजवी ठरवला. मग 2016 मध्ये सिरिझा या डाव्या पक्षाच्या सरकारनं चारच परवान्यांचा लिलाव केला. बोली लावणाऱ्यांना अथेन्समधल्या एका सरकारी इमारतीत जवळजवळ तीन दिवस कोंडून ठेवलं, झोपायला साध्या खाटा दिल्या. 24 कोटी 60 लाख युरोंची बोली जमली. सरकारनं विजय साजरा केला आणि दोन महिन्यांच्या आत सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं लिलाव घटनाबाह्य ठरवला. कारण परवाने देण्याचा अधिकार स्वतंत्र नियामक परिषदेचा होता आणि तो मंत्र्यानं स्वतःकडे घेतला होता.

मंत्र्याला ते का जमलं, हेही सांगायला हवं. परिषदेवरच्या नेमणुकांसाठी संसदेच्या सर्वपक्षीय समितीत चार पंचमांश मत लागायचं. हेतू चांगला होता: कुणा एका पक्षाची माणसं घुसू नयेत. पण पक्षांचं कधी एकमत होईना, जुन्या सदस्यांची मुदत संपून जाई आणि परिषद लुळी पडे. 2019 मध्ये ही अट तीन पंचमांशांवर आणली गेली. मला ती दुरुस्ती रास्त वाटते. राखण करणाराच नेमला जात नसेल, तर कुलूप कितीही भक्कम असून उपयोग नाही.

आता माझ्या मताविरुद्ध जे सांगितलं जातं त्याकडे वळतो, कारण त्यात तथ्य आहे. 2013 मधली एर्त काही निर्मळ संस्था नव्हती. वशिल्याची भरती होती, पक्षाच्या शिफारशीवर आलेले सल्लागार होते, खर्चाला धरबंध नव्हता. देश कर्जात बुडालेला, निवृत्तांची पेन्शनं कापली जात होती, तेव्हा सामान्य ग्रीक माणसाला या संस्थेचा राग येणं स्वाभाविक होतं. पण ती भरती केली कुणी? ज्या दोन मोठ्या पक्षांनी चाळीस वर्षं आळीपाळीनं आपली माणसं आत घातली, तेच 2013 च्या सरकारात बसले होते. आपणच केलेल्या घाणीचा ठपका घरावर ठेवून घर पाडायचं, हे मला पटत नाही. शिवाय एर्तचा पैसा सरकारच्या तिजोरीतून येत नव्हता. घराघरांच्या वीजबिलात एक वेगळी ओळ असायची, वर्षाला सुमारे 50 युरोंची. टीव्ही असो वा नसो, वीज असली की ती भरावी लागे. म्हणजे धनी होता बिल भरणारा माणूस, आणि बंद करताना त्याला कुणी विचारलं नाही.

पुढे काय झालं ते तर फार बोलकं आहे. कर्मचाऱ्यांनी मुख्यालय सोडलं नाही. इंटरनेटवरून प्रसारण चालू ठेवलं, युरोपीय प्रसारण संघानं ते पुढे पोचवलं. सहा दिवसांनी न्यायालयानं पडदा काळा ठेवता येणार नाही असं सांगितलं. सरकारातला एक पक्ष बाहेर पडला आणि तीनशेच्या संसदेत सरकारचं बळ 153 वर आलं. 7 नोव्हेंबरच्या पहाटे दंगलविरोधी पोलीस इमारतीत शिरले, तेव्हा आतला एक पत्रकार माइकसमोर बसून घडतंय ते श्रोत्यांना सांगत होता. 2014 मध्ये नव्या नावाची संस्था आली, लोकांनी ती कधी आपली मानली नाही. शेवटी सरकार बदललं आणि 11 जून 2015 ला, बरोबर दोन वर्षांनी, एर्त परत सुरू झाली. एका सरकारनं सहीनं बंद केली, दुसऱ्यानं बहुमतानं उघडली. परत आली याचा मला आनंद झाला होता. पण बटण तिथेच होतं.

आपल्याकडच्या वाचकाला यात आपलं काही दिसेलच. आमच्या घरी रेडिओच्या परवान्याचं पुस्तक होतं. वडील ते घेऊन पोस्टात जायचे, पैसे भरायचे, तिकिटं चिकटवून आणायचे. ते बंद झालं तेव्हा सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं. पण त्याबरोबर ऐकणाऱ्याचा हक्काचा दावाही गेला, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. फेब्रुवारी 1995 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं स्पष्ट सांगितलं. प्रसारभारतीचा कायदा 1990 चा, तो अमलात आला 1997 मध्ये, आणि पगाराचा पैसा आजही केंद्राच्या अनुदानातून येतो. ग्रीकांकडे निदान वीजबिलातली ती ओळ आहे.

ती ओळ आज महिना 3 युरोंची आहे. पण जुलै 2019 मध्ये नव्या सरकारनं एर्त आणि राष्ट्रीय वृत्तसंस्था थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत नेल्या. 2020 मध्ये कोविडच्या 'घरीच थांबा' मोहिमेसाठी माध्यमांना 2 कोटी युरो वाटले, तेव्हा कुणाला किती आणि का, यावरून मोठं वादळ उठलं. जगाच्या वृत्तपत्रस्वातंत्र्य निर्देशांकात 2022 मध्ये ग्रीस 108 व्या क्रमांकावर होता, युरोपीय संघात सगळ्यात खाली. हे आकडे त्याच बटणाचे आहेत.

माझं मागणं साधं आहे. एर्तचा प्रमुख नियामक परिषदेच्याच धर्तीवर तीन पंचमांश संमतीनं नेमला जावा. शुल्काचा दर काही वर्षांसाठी एकदाच ठरावा, म्हणजे नाराज मंत्र्याला तो कापता येणार नाही. संस्था बंद करण्याचा किंवा मोडण्याचा निर्णय हुकमानं होऊच शकणार नाही, असं घटनेत लिहिलं जावं. कलम 15 मध्ये 'थेट नियंत्रण' लिहिता आलं तर हेही लिहिता येईल. आणि संचालक मंडळावर शुल्क भरणाऱ्यांच्या काही जागा असाव्यात, त्याही आधी सीमेवरच्या आणि बेटांवरच्या लोकांना. खासगी वाहिन्यांचे डिजिटल सिग्नल न पोचणारी गावं ग्रीसमध्ये आजही आहेत, त्यांना 'पांढरे प्रदेश' म्हणतात. तिथे सार्वजनिक वाहिनी म्हणजे चैन नव्हे.

कास्तेलोरिझो नावाचं एक बेट आहे, तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून दोनेक किलोमीटरवर, जेमतेम पाचेकशे वस्तीचं. 23 एप्रिल 2010 ला पंतप्रधान पापांद्रेऊ तिथल्या धक्क्यावर उभे राहिले, पाठीमागे निळं पाणी आणि रंगीत घरं होती, आणि देशाला कर्ज मागावं लागत आहे हे त्यांनी टीव्हीवरून सांगितलं. तीन वर्षांनी, त्या कर्जापाठोपाठ आलेल्या काटकसरीचं कारण देऊन एर्त बंद झाली आणि तुर्की वाहिन्या सहज दिसणाऱ्या त्या बेटावरही आपला पडदा काळा झाला. संचालक मंडळावरची पहिली खुर्ची मी त्या धक्क्यावरच्या एखाद्या माणसाला देईन.